माप उणे, मोल दुणे

संसारी माणसांच्या तक्रारी पुष्कळ असतात. त्यांतील काही अतिशयोक्तीच्या असतात आणि काही काळाबरोबर आपोआप विरून जातात. परंतु गेल्या काही वर्षांत इब्रामपूर, हणखणे व आसपासच्या वाड्यांतील घराघरांतून एक तक्रार सतत आमच्या कानी येत आहे, आणि ती पोकळ आहे असे आम्हांस म्हणवत नाही. किराणा मालाच्या दुकानात पैसे पूर्वीइतकेच किंवा पूर्वीपेक्षा अधिक मोजावे लागतात; घरी आणलेली पिशवी मात्र हलकी लागते. एका माउलीने हेच गाऱ्हाणे मोजक्या शब्दांत आमच्यापुढे मांडले: "फादर, पुडा तोच, पैसे तेच, मग पूर्वी दोघां मुलांना पुरायचे ते आता एकालाच कसे पुरते?" ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा आजच्या लेखाचा हेतू होय.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास हा अनुभव अपरिचित वाटणार नाही. बंदिवासातून मायदेशी परतलेल्या यहुदी लोकांची दैना वर्णिताना हाग्गय संदेष्ट्याने म्हटले आहे की, ते खातात पण तृप्त होत नाहीत, आणि मजुरी मिळवतात ती जणू भोके पडलेल्या थैलीत टाकतात. संदेष्ट्याचा रोख देवाच्या मंदिराची हेळसांड करणाऱ्यांवर होता हे खरे. तथापि त्याने योजलेला थैलीचा दृष्टान्त आजच्या घरखर्चास किती चपखल लागू पडतो! थैलीस भोक कोठे आहे हे ज्यास दिसते, तो ते शिवू शकतो. ज्यास दिसत नाही, तो मिळकतीला किंवा नशिबाला दोष देत बसतो. म्हणून प्रथम भोक कोठे आहे ते पाहू.

महागाईच्या दोन रीती आहेत. पहिली उघड. काल शंभर रुपयांस मिळणारी वस्तू आज सव्वाशेला मिळते. गिऱ्हाईक कुरकुरते, घासाघीस करते, कमी घेते किंवा घेतच नाही. दुसरी रीत मुकी. वस्तूची किंमत तीच राहते, वेष्टन तेच राहते, वरील चित्रही तेच राहते. आतील माल मात्र थोडा काढून घेतलेला असतो. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ह्या रीतीस 'श्रिंकफ्लेशन' असे नाव दिले आहे. आपण तिला 'आटलेले माप' म्हणू. ५ रुपयांच्या, १० रुपयांच्या व २० रुपयांच्या पुड्यांत ही रीत विशेष आढळते, आणि त्याचे कारणही उघड आहे. खेड्यातील गिऱ्हाईक नाणे हाती घेऊन दुकानात येते. साडेपाच किंवा सव्वाअकरा रुपये किंमत ठेवली तर सुट्या पैशांची अडचण होते, आणि मूल तर हातातील दहाच्या नाण्यावरच व्यवहार करते. सारांश, किंमत नाण्याला बांधलेली असल्यामुळे खर्च वाढला की माप कापले जाते.

येथे थोडे गणित करू. १० रुपयांस १०० ग्रॅम माल मिळत असेल, तर किलोस भाव १०० रुपये पडला. त्याच १० रुपयांत ८० ग्रॅम मिळू लागले, तर किलोस भाव १२५ रुपये झाला. वजन पाचवा हिस्साच घटले, पण भाव चौथ्या हिश्शाने वाढला. दुकानदाराने एका सकाळी शंभराचे सव्वाशे केले असते तर गावात गलका झाला असता. वीस ग्रॅम गेले तेव्हा कोणाच्याही कानी काही पडले नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. २०२२ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी काही वस्तूंची जुनी व नवी वजने शेजारी शेजारी छापली होती. भांडी घासण्याच्या 'विम' ह्या वडीचे वजन १० रुपयांस १५५ ग्रॅम होते, ते १३५ ग्रॅम झाले. 'हल्दीराम'च्या आलू भुजियाची १० रुपयांची पुडी ५५ ग्रॅमवरून ४२ ग्रॅमवर आली. दुसऱ्या उदाहरणाचा हिशेब करून पाहा: किलोचा भाव सुमारे १८२ रुपयांवरून २३८ रुपयांवर गेला. पुडीवरील दहाचा आकडा मात्र होता तसाच होता.

कारखानदारांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. त्या वर्षी फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि गहू व सूर्यफूल तेल ह्यांच्या बाजारात खळबळ उडाली. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. आपला देश खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून आणतो. त्यामुळे पेडण्यातील दुकानातल्या फरसाणाचा जकार्ता येथील सरकारी निर्णयाशी संबंध जुळला. कच्चा माल महाग झाला, तर पक्का माल पूर्वीच्याच भावात व पूर्वीच्याच मापात द्या असा आग्रह कोणी विचारी मनुष्य धरणार नाही. कामगारास वेतन व भांडवलास वाजवी नफा मिळणे हे न्यायाचेच आहे. आणि गावातील दुकानदार, ज्याच्यावर आपण बहुधा रागावतो, तो तर ह्यात निरपराध असतो. पुडीचे वजन तो ठरवत नाही. ते कारखान्यात ठरते. म्हणून आमची पहिली विनंती ही की, आपल्या गल्ल्यावर बसलेल्या शेजाऱ्यास चोर म्हणण्यापूर्वी थांबावे.

मग दोष कोठे आहे? माप कमी करण्यात नव्हे, तर ते लपवण्यात. इतिहासातील एक उदाहरण हा भेद चांगला स्पष्ट करते. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात पाव व बिअर ह्यांविषयी एक प्रसिद्ध कायदा झाला. त्याचे वर्ष बहुधा १२६६ असे देतात. त्या कायद्याने पावाची किंमत स्थिर ठेवली होती आणि वजन मात्र गव्हाच्या भावाप्रमाणे कमीजास्त होत असे. गहू महागला की त्याच नाण्यात लहान पाव मिळे. स्वस्त झाला की मोठा मिळे. म्हणजे आटलेले माप तेथेही होतेच. परंतु ते जाहीर होते. कोणत्या भावाला किती वजनाचा पाव द्यावयाचा हे ठरवून दिलेले असे, आणि जो भट्टीवाला ठरल्याहून हलका पाव विकी त्यास दंड होई, प्रसंगी चारचौघांत खोड्यात उभे राहावे लागे. शिवाय तेथे माप घटत असे तसे वाढतही असे. आजच्या पुडीत ह्यांपैकी काय आहे? माल घटल्याची दवंडी कोणी पिटत नाही, आणि कच्चा माल स्वस्त झाल्यावर गेलेले ग्रॅम सगळेच परत येतात असा आपला अनुभव नाही.

आपल्या गोव्यातील पोदेराच्या पावाविषयीही हेच म्हणता येईल. सायकलीवर टोपली बांधून भोंगा वाजवत येणारा पोदेर हा आपल्या सकाळीचा घटक आहे. उंडो, पोळी, कात्रे पाव, कांकण ह्यांचा भाव चढला किंवा आकार उतरला की वर्तमानपत्रांतून चर्चा होते, आणि पोदेर मैदा, सरपण व मजुरी ह्यांकडे बोट दाखवतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु त्याच्या टोपलीस एक गुण आहे: पाव वेष्टनाविना असतो. तो हातात घेतला की लहान झालेला कळतो, आणि तोंडावर विचारताही येते. चकचकीत पुडीत हात घालून पाहता येत नाही. तिच्यातील हवाच अधिक डोळ्यांत भरते. काप चुरडू नयेत व तेल खवट होऊ नये म्हणून पुडीत नायट्रोजन वायू भरतात हे खरे आहे. पण त्यामुळेच फुगलेल्या पुडीचा आकार हा तिच्यातील मालाचा पुरावा ठरत नाही.

धर्मशास्त्र ह्या बाबतीत मौन धरीत नाही. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावचा मेंढपाळ आमोस ह्याने इस्राएलातील व्यापाऱ्यांना जे सुनावले, ते वाचताना तो आजच्याच बाजारात उभा आहे असे वाटते. शब्बाथ केव्हा सरेल आणि धान्याची विक्री केव्हा सुरू करता येईल अशी घाई झालेले ते व्यापारी माप लहान करीत, नाण्याचे वजन वाढवीत, काट्यात कपट करीत आणि धान्याबरोबर भुसाही विकीत. माप उणे व मोल दुणे ह्या दोन्ही गोष्टी संदेष्ट्याने एकाच वाक्यात जोडल्या आहेत, कारण त्या एकाच कृत्याच्या दोन बाजू आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात थैलीत दोन प्रकारची वजने बाळगण्यास मनाई आहे; नीतिसूत्रांत खोट्या काट्याचा परमेश्वराला वीट येतो असे म्हटले आहे. आणि पवित्र सभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सातव्या आज्ञेचे विवेचन करताना व्यापारातील फसवणूक, तसेच दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन भाव चढवणे, ह्यांची गणना चोरीच्या सदरात करतो. 'अज्ञानाचा फायदा' हे शब्द ध्यानात ठेवावेत. पुडीवर नवे वजन बारीक अक्षरांत छापलेले असते हे खरे, आणि म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती खोटी ठरत नाही. परंतु छापणाऱ्याचा हेतू गिऱ्हाइकाने ते वाचावे असा आहे, की वाचू नये असा, हा प्रश्न ज्याचा त्याने सदसद्विवेकबुद्धीला विचारावयाचा आहे.

आटलेले माप केवळ खाऊच्या पुडीत असते असे नव्हे. तेलाचेच पाहा. तेल पाण्याहून हलके. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, सुमारे ९१० ग्रॅम असते. शिवाय तेल तापले की फुगते. सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंश उष्णतेवर भरले तर त्याचे वजन ९१९ ग्रॅम भरते, आणि ६० अंशांवर भरले तर ८९२.६ ग्रॅम. काही पिशव्यांवर लिटरच्या आकड्याशेजारी असे चढे तापमान छापलेले असे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने कंपन्यांना सांगितले की, तापमानाचा उल्लेख काढावा आणि लिटराबरोबर वजनही छापावे. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. तेव्हा तेलाची पिशवी घेताना लिटर न पाहता ग्रॅम पाहावे.

आता तर महिनाही आटला आहे. भ्रमणध्वनीचा 'महिन्याचा' रिचार्ज म्हणून आपण जे पैसे भरतो, ते बहुतेक वेळा २८ दिवसांचे असतात. वर्षाचे ३६५ दिवस २८ दिवसांनी भागले तर तेरा भाग पडतात. म्हणजे दिनदर्शिकेत महिने बारा, पण रिचार्ज तेरा! घरात तीन फोन असतील तर वर्षात तीन रिचार्ज अधिक. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीत आदेश काढला की, प्रत्येक कंपनीने निदान एक योजना पुऱ्या ३० दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेस नव्याने सुरू होणारी ठेवावी. ह्या योजना मागितल्याखेरीज समोर येत नाहीत. म्हणून मागाव्यात, आणि दिवसाचा भाव काढून मग निवड करावी.

तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म: वजन तेच, पण कस कमी. दुधाच्या स्निग्धांशाचे ते आइस्क्रीम. वनस्पती तेलाच्या स्निग्धांशाचे असेल तर त्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असे छापावे लागते. दोन्ही डबे एकाच शीतपेटीत शेजारी शेजारी असतात, आणि फेस्ताच्या दिवशी मुलांसाठी घेताना नाव वाचण्याचे भान कोणास असते? अन्नपदार्थाच्या वेष्टनावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी असा नियम आहे. जो घटक सर्वांत अधिक, तो प्रथम. आंब्याचे चित्र असलेल्या बाटलीवर पहिले नाव पाण्याचे आणि नंतर साखरेचे आढळले, तर आपण पैसे चित्राला देत आहोत असे समजावे. परसात आंबा पिकणाऱ्या, अंगणात सोलां वाळवणाऱ्या आमच्या पेडणे महालात बाटलीतील रंगीत पाणी पाहुण्यापुढे ठेवणे प्रतिष्ठेचे मानावे, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

ह्या साऱ्यावर कायद्याचा इलाज काय? आपल्या देशात १९७६ साली वजनमापांचा प्रमाण कायदा झाला आणि १९७७ साली बंद वेष्टनातील मालाचे नियम आले. २००९ सालचा वैधमापन कायदा व २०११ सालचे नियम ह्यांनी त्यांची जागा घेतली. ह्या नियमांत पूर्वी एक यादी होती. बिस्किटे, चहा, तांदूळ, खाद्यतेल, साबण इत्यादी ठरावीक वस्तूंच्या पुड्यांची प्रमाण वजने तीत सांगितलेली होती. २०२१ सालच्या दुरुस्तीने ती यादी काढून टाकण्याचे ठरले आणि तिच्या बदल्यात प्रत्येक पुडीवर एका ग्रॅमचा वा एका किलोचा भाव छापण्याची अट घालण्यात आली. १ जानेवारी २०२४ पासून ही अट सक्तीची आहे. म्हणजे माप मोकळे सुटले, पण भाव उघडा झाला. हा उघडा भाव जो वाचील, त्याचेच रक्षण होईल. जो वाचणार नाही, त्याच्याकरिता जुनी यादीही उरलेली नाही.

इतर देशांतही हीच ओरड आहे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून असा नियम आहे की, एखाद्या वस्तूचे माप घटले व भाव तुलनेने चढला, तर मोठ्या दुकानांनी त्या वस्तूजवळ दोन महिने तशी पाटी लावावी. दवंडी पुन्हा परत आली म्हणायची! आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, साबण, फरसाण ह्यांवरील वस्तू व सेवा कर उतरून ५ टक्के झाला. तेव्हा काही कंपन्यांनी ५ व १० रुपयांच्या पुड्यांची किंमत न उतरवता वजन वाढवून देऊ असे जाहीर केले. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कर उतरल्याचा लाभ आपणांस नाण्यांत न मिळता ग्रॅममध्ये मिळावयाचा आहे. जुना ग्रॅमचा आकडा ज्याने कधी पाहिलाच नाही, त्यास लाभ मिळाला की नाही हे कसे समजणार?

म्हणून आता आपल्या हाती काय आहे ते पाहू.

पहिली गोष्ट: किंमत न पाहता भाव पाहावा. पुडीवर ग्रॅमचा भाव ०.२४ रुपये असा छापलेला असेल, तर त्यास हजाराने गुणावे. किलोस २४० रुपये झाले. आता त्याच दुकानात सुटे मिळणारे शेंगदाणे, चणे, पोहे, गूळ ह्यांचा किलोचा भाव विचारावा आणि पोट कशाने भरते ते ठरवावे. हे गुणाकाराचे काम मुलांकडे सोपवावे. शाळेत शिकलेले गणित आईच्या उपयोगी पडते हे कळले की मुलास गणितही गोड लागते आणि पुडीचा हट्टही कमी होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. लहान पुडी नेहमीच महाग आणि मोठी नेहमीच स्वस्त असा सरसकट नियम करू नये. शांपूची एका रुपयाची पुडी कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडते. त्याचप्रमाणे दोडामार्गास किंवा म्हापशास वस्तू दहा रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून मुद्दाम दुचाकी काढणाऱ्याने पेट्रोलचाही हिशेब करावा. सवय, ऐकीव गोष्ट आणि जाहिरात ह्या तिन्हींपेक्षा गुणाकार अधिक सत्यवादी असतो.

दुसरी गोष्ट: पुरुमेंताची जुनी रीत. ईस्टरनंतर म्हापशास मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त भरते, आणि पावसाळ्यापूर्वी लागणारी बेगमी करण्याची ती वेळ असे. मीठ, मिरची, चिंच, सोलां, कडधान्ये, सुकी मासळी हे सर्व आपल्या वाडवडिलांनी वजनाने व मापाने, डोळ्यांदेखत मोजून घेतले आणि मडक्यांत व बरण्यांत भरून ठेवले. त्यात केवळ काटकसर नव्हती; दूरदृष्टी होती. वर्षाचे धान्य एकदम घेणाऱ्यास भाव कळतो. रोज पुडी घेणाऱ्यास फक्त किंमत कळते.

परंतु येथे आम्हांस थांबावे लागते, कारण आमच्या डोळ्यांपुढे अशी घरे येतात ज्यांना हा उपदेश लागू करता येत नाही. जिला सायंकाळी मजुरी मिळते आणि सायंकाळीच चूल पेटवावयाची असते, तिने वर्षाची बेगमी कोठून करावी? चहाची लहान पुडी, तेलाची छोटी पिशवी, साबणाची अर्धी वडी हेच तिला परवडते. ज्याच्याजवळ पैसे कमी, त्यास भाव अधिक. ही आटलेल्या मापाची खरी क्रूरता होय. संपन्न घरातून वीस ग्रॅम गेले तर फराळ थोडा कमी होतो. गरिबाघरून गेले तर मुलाच्या ताटातून जातात.

म्हणून तिसरी गोष्ट आम्ही विशेष आग्रहाने सांगतो, आणि ती एकट्याने करावयाची नाही. दहा घरांनी मिळून तांदळाचे पोते, तेलाचा डबा, साखर व डाळ एकदम आणावी आणि एका पडताळलेल्या काट्यावर, सर्वांसमक्ष वाटून घ्यावी. ज्यांच्याजवळ रोख आहे त्यांनी आधी घालावी. ज्यांच्याजवळ नाही त्यांनी आठवड्याच्या हप्त्याने फेडावी. ह्यावर व्याज घेऊ नये. असे करणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात फादर जिमी टॉम्पकिन्स व फादर मोझेस कोडी ह्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गरीब कोळ्यांना व शेतकऱ्यांना रात्री स्वयंपाकघरांत जमवून हिशेब शिकवला आणि त्यांतूनच तेथील सहकारी दुकाने व पतपेढ्या उभ्या राहिल्या. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातही दाखला आहे: वसई येथे मोन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांनी १९१८ साली जी सहकारी पतसंस्था सुरू केली, तीच आजची बॅसीन कॅथोलिक बँक होय. प्रारंभ लहानच असतो. सेंट व्हिन्सेंट डी पॉल मंडळाचे जे काम गावोगावी चालते, त्यास मदतीच्या पाकिटाबरोबर अशा सामुदायिक खरेदीची जोड दिली, तर घेणाऱ्याची मान खाली होणार नाही. एका घराने दुसऱ्याचे माप पुरे करावे, हीच तर ख्रिस्ती प्रीती.

चौथी गोष्ट तक्रारीची. पुडीवर छापलेल्या वजनाहून माल कमी भरला, छापील किमतीहून अधिक पैसे मागितले, किंवा ग्रॅमचा भाव छापलेलाच नसला, तर मुकाट्याने सोसणे हे सहनशीलतेचे लक्षण नव्हे. गोवा सरकारचे वैधमापन खाते ह्याचसाठी आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक १९१५ हा आहे. पुडी व पावती जपून ठेवावी. रागाच्या शब्दांपेक्षा त्यांचे वजन अधिक पडते. पोपमहाशय सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००९ सालच्या आपल्या परिपत्रकात शिकवले आहे की, खरेदी करणे हे केवळ आर्थिक कृत्य नसून नैतिक कृत्यही आहे. म्हणजे दुकानात नाणे पुढे करतानाही आपण ख्रिस्ती असतो, आणि आपण जे निमूटपणे विकत घेतो, त्यास एक प्रकारे आपली संमती देतो.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या मापाविषयी बोललो. हे बोलणे सोपे असते, आणि लेख येथेच संपवला तर वाचकांस तो आवडेलही. परंतु आमोस संदेष्टा कारखानदारांपुरताच बोलला नव्हता. आपल्यांतील पुष्कळ जण काही ना काही विकतात: कोणी दूध, कोणी काजूच्या बिया, कोणी भाजी, कोणी मासळी, आणि बहुतेक सर्व जण आपले श्रम. दुधात पाणी किती पडते? ओल्या बिया सुक्यांत मिसळून वजन वाढवले जाते का? मजुरीचा दर वाढवून मागताना दिवसाचे काम तेवढेच भरते का, की उशिरा येणे व लवकर जाणे ह्यांत तेही आटले आहे? आणि जो मजूर लावतो, त्याने हिशेबाच्या दिवशी अर्ध्या दिवसाची कातरी लावली नाही ना? मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यापासून महालात रोख पैसा अधिक खेळू लागला आहे, आणि पैसा जसा अधिक तसे मापाचे मोहही अधिक.

घराच्या आतही मापे असतात. बाजारातून महागडी पुडी आणून मुलाच्या हाती दिली आणि त्याच्याजवळ बसण्याचा वेळ मात्र कमी केला, तर तेथेही मोल वाढले व माप घटले. फेस्ताला ध्वनिक्षेपक मोठे झाले, जेवणावळी लांबल्या, रोषणाई वाढली, आणि नोव्हेनेच्या नऊ दिवसांत बाके रिकामी राहिली, तर त्या खर्चाचा ग्रॅमचा भाव किती पडला ह्याचा विचार फेस्ताच्या समितीने व सर्व कुटुंबांनी अवश्य करावा.

प्रभू येशूने मापाविषयी जे सांगितले ते सर्वांस ठाऊक आहे: चांगले, दाबून, हलवून, शिगोशीग भरलेले माप देणाऱ्याच्या पदरी तसेच माप पडेल. धान्य मोजणाऱ्या शेतकऱ्यास हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पायली भरताना ती हलवली की दाण्यांमधील पोकळी जाते, दाबली की आणखी दाणे मावतात, आणि वर शीग येईपर्यंत ओतले की घेणारा संतुष्ट होऊन जातो. आटलेल्या मापाचा नेमका उलट अर्थ प्रभूने एकाच वाक्यात सांगून ठेवला आहे.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजच्या भाकरीची याचना करतो, आणि ती 'माझी' न म्हणता 'आमची' म्हणून करतो. ज्याने ही प्रार्थना मनापासून केली, त्यास शेजाऱ्याच्या भाकरीतील वीस ग्रॅम आपल्या नफ्यात जमा करता येणार नाहीत, आणि शेजाऱ्याच्या घरी ते कमी पडत असता स्वस्थही बसता येणार नाही. येत्या शनिवारी प्रत्येक घराने आठवड्याची खरेदी टेबलावर मांडावी, एकेका पुडीवरील वजन व भाव मोठ्याने वाचावा, आणि मग रोझरी म्हणावी. थैलीचे भोक कोठे आहे ते त्या रात्री पुष्कळांस दिसेल, अशी आमची खात्री आहे. आणि ते शिवण्यास परमेश्वर सुई-दोरा दिल्यावाचून राहणार नाही.